भीतीचे कारागीर

आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना थोडे हसू येईल. कॉलेजातला एक मास्तर रेडिओवर येतो आणि भुताखेतांच्या नाटकांबद्दल बोलतो, हे काय आहे? परंतु विषय दिसतो तितका पोरकट नाही. अमेरिकेत आणि इंग्लंडात साधारणपणे १९३० ते १९६० या तीस वर्षांत रेडिओवर भयनाट्यांची एक मोठी परंपरा होऊन गेली. हजारो घरांतून रात्री दिवे मालवून ही नाटके ऐकली जात. आता विचार करा, ही माणसे घाबरत होती तरी कशाला? समोर एक लाकडी खोके, त्यातून येणारे काही शब्द आणि काही आवाज, बस्स. भूत दिसत नाही, रक्त दिसत नाही, सुरासुद्धा दिसत नाही. आणि तिकडे स्टुडिओत डोकावून पाहावे तर एक माणूस टेबलाशी उभा राहून कोबीचा गड्डा चिरतो आहे!

कोबी चिरला गेला आणि मैलोगणती दूर बसलेल्या माणसाच्या अंगावर काटा आला, हे कसे घडले? एवढ्या एका प्रश्नाचा उलगडा मला आज करायचा आहे. तो झाला म्हणजे दोन लाभ होतील. ही जुनी नाटके रसिकतेने कशी ऐकावीत ते कळेल, हा एक. आणि भीती नावाची वस्तू नेमकी कुठे राहते, याचा थोडाफार पत्ता लागेल, हा दुसरा. खेड्यात राहणाऱ्यांना आणि मुले शिकवणाऱ्यांना हा दुसरा लाभ पहिल्याहून मोठा वाटेल, अशी माझी समजूत आहे.

सुरुवात काळोखापासून करू. मुद्दाम रेडिओसाठी लिहिलेले पहिले नाटक म्हणून ज्याचे नाव सर्वसाधारणपणे घेतले जाते, ते रिचर्ड ह्यूज या तरुण लेखकाचे ‘अ कॉमेडी ऑफ डेंजर’. १५ जानेवारी १९२४ रोजी ते लंडनहून बी.बी.सी.ने प्रसारित केले. गोष्ट अगदी साधी. वेल्स प्रांतातली कोळशाची खाण पाहायला काही माणसे आत उतरतात आणि एकाएकी दिवे जातात. सगळीकडे गडद अंधार. मग स्फोट होतो, पाणी चढू लागते. ह्यूजची युक्ती ध्यानात घ्या. रेडिओवर काही दिसत नाही, ही त्या काळी रेडिओची उणीव समजली जात होती. ह्यूजने असा प्रसंग निवडला, की जिथे नाटकातल्या पात्रांनाही काही दिसत नाही! आता ऐकणारा आणि पात्रे एकाच अंधारात. उणीव होती, तिचे बळ झाले. पुढच्या साऱ्या भयनाट्यांची गुरुकिल्ली या एका युक्तीत आहे.

तिचा पुरेपूर उपयोग केला तो अमेरिकनांनी. १९३४ साली शिकागो शहरात ‘लाइट्स आउट’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. नावाचा अर्थ उघड आहे: दिवे मालवा. वेळ कोणती, तर मध्यरात्रीची. विलिस कूपर हा त्याचा पहिला लेखक. १९३६ मध्ये त्याच्या जागी आर्च ओबोलर आला. या कार्यक्रमातल्या आवाजांच्या कथा आजही सांगितल्या जातात. माणसाचे मुंडके उडवायचे आहे? कोबीच्या गड्ड्यावर सुरा चालवा. हाडे मोडायची आहेत? खाटकाकडून बरगड्या आणा आणि त्या पान्यात धरून पिळा. दातांखाली हाड फुटल्याचा आवाज हवा? मायक्रोफोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन कडक साखरगोळी फोडा. कोणाला विजेचा झटका देऊन ठार करायचे असेल, तर मांसाच्या पातळ चकत्या तव्यावर टाका. चर्रर्र आवाज झाला, की ऐकणारा डोळे मिटून घेतो.

याहून विलक्षण उदाहरण ओबोलरच्या ‘द डार्क’ या छोट्या नाटकाचे आहे. त्यात एक काळे धुके माणसाला गाठते आणि मोजा उलटा करावा तसा माणूस आतून बाहेर उलटून जातो. हे पडद्यावर कसे दाखवणार? दाखवले तरी ते किळसवाणे नाही तर हास्यास्पद होईल. रेडिओवर ते फार स्वस्तात झाले. एक ओलसर रबरी हातमोजा मायक्रोफोनपाशी हळूहळू उलटा केला, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणी फळे ठेवायची पातळ पट्ट्यांची टोपली चुरडली. मोजा झाला कातडी, टोपली झाली हाडे. उरलेले सारे काम ऐकणाऱ्याने आपल्या मनात, आपल्या खर्चाने केले.

ओबोलरचेच १९३७ सालचे ‘चिकन हार्ट’ हेही प्रसिद्ध नाटक. त्याचे मूळ एका खऱ्या प्रयोगात होते, म्हणून शिक्षकबंधूंना ते सांगतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सिस कॅरेल या शास्त्रज्ञाने १९१२ साली कोंबडीच्या गर्भातील हृदयाचा एक कण पोषक द्रवात वाढवायला घेतला. तो वर्षानुवर्षे जिवंत असल्याची वर्तमानपत्रांतून सारखी चर्चा होई. साधी पेशी अमर नसते, तिच्या विभाजनाला मर्यादा असते, हे हेफ्लिक या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दाखवले. पण ती पुढची गोष्ट. ओबोलरने एवढेच विचारले: हा कण वाढतच राहिला तर? मग तो प्रयोगशाळा गिळतो, शहर गिळतो, अखेर जगच गिळतो. आणि हे सारे ऐकू कसे येते, तर हृदयाच्या ठोक्याने. धप् धप्, धप् धप्. आवाज तोच, फक्त तो वाढत जातो. जो आवाज प्रत्येकाच्या छातीत रात्रंदिवस चालू आहे, त्याचेच भय घातले! अंधारात बसलेल्या श्रोत्याला नाटकातला ठोका कोणता आणि आपला कोणता, हे कळेनासे झाले असेल तर नवल काय?

आता हे आवाज करणारे कारागीर काम कसे करीत, ते पाहू. स्टुडिओत नट मायक्रोफोनभोवती हातात कागद धरून उभे. बाजूला ध्वनिकाराचे टेबल. त्याच्यापाशी चौकटीसकट बसवलेले छोटे दार, त्याला कडी, कुलूप, साखळी. पावलांसाठी खडीने आणि वाळूने भरलेल्या पेट्या. ढगांच्या गडगडाटासाठी टांगलेला मोठा पत्रा. वाऱ्यासाठी लाकडी पट्ट्यांचे एक पिंप, वर ताणून बसवलेले जाड कापड. दांडा फिरवला, की वारा घोंघावू लागतो आणि हात जसा जलद फिरेल तसे वादळ वाढते. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या. पलटण चालवायची, तर एका चौकटीत दोऱ्यांनी टांगलेल्या लाकडी खुंट्या. त्या तालात टेबलावर आपटल्या, की शेकडो शिपाई चालू लागतात. आगगाडी, मोटार अशा आवाजांसाठी ग्रामोफोनच्या तबकड्याही असत, पण सुई नेमक्या जागी ठेवणे हेही हाताचेच कसब.

आणि हे सगळे चालू प्रसारणात! त्या काळात बहुतेक नाटके थेट प्रसारित होत. चूक झाली तर पुसायची सोय नाही. दिग्दर्शक काचेपलीकडून बोट दाखवणार आणि त्याच क्षणी दार करकरले पाहिजे. अर्ध्या क्षणाने उशीर झाला तर नायिका आधी किंचाळते आणि दार मागून उघडते; सगळा बार फुसका. शिवाय अमेरिका एवढी विस्तीर्ण, की पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या घड्याळांत तीन तासांचे अंतर. म्हणून कित्येक कार्यक्रम एकाच रात्री दोनदा करावे लागत. म्हणजे दुसऱ्यांदा कोबी, दुसऱ्यांदा बरगड्या, आणि दुसऱ्यांदा तीच अचूकता.

आपण विचाराल, एवढी यातायात कशाला? खरेच आवाज का घेत नसत? त्याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. खरा आवाज पुष्कळदा खोटा वाटतो, बरं का! खऱ्या बंदुकीचा बार त्या काळच्या मायक्रोफोनला सोसत नसे. कातडी गादीवर सपाट काठी मारली, की बार चांगला ऐकू येई. खरा पाऊस मायक्रोफोनमधून ऐकला, तर कुठे तरी भजी तळत आहेत असा भास होतो. डोळ्यांची साथ सुटली, की आवाजाची ओळख पटणे कठीण जाते. म्हणून कारागिराला आवाजातला ओळखीचा तेवढा भाग उचलावा लागतो, बाकीचा टाकून द्यावा लागतो. चित्रकार चार रेषांत बैल उभा करतो. प्रत्येक केस काढीत बसत नाही. तसेच हे.

पण श्रोतेहो, कारागिरी कितीही थोर असली तरी एकटा आवाज कोणाला घाबरवू शकत नाही. घरी कोबी चिरताना आपण घाबरतो का? आवाजाला अर्थ शब्दाने येतो. आधी शब्दांनी प्रसंग उभा करायचा, मग क्षणभर गप्प राहायचे, आणि मग तो एकच आवाज सोडायचा. शब्द, शांतता, आवाज हा क्रम. यातली शांतता सर्वांत महत्त्वाची, कारण त्या रिकाम्या जागेतच ऐकणारा आपले भूत तयार करतो.

यासाठी लूसिल फ्लेचर या लेखिकेचे ‘सॉरी, राँग नंबर’ हे नाटक पाहा. ‘सस्पेन्स’ या कार्यक्रमात २५ मे १९४३ रोजी ते झाले. अ‍ॅग्नेस मूरहेड या अभिनेत्रीने ते जवळजवळ एकटीच्या आवाजावर तोलून धरले. एक श्रीमंत, आजारी बाई अंथरुणावर आहे. घरात दुसरे कोणी नाही. टेलिफोनच्या तारा कुठे तरी जुळतात आणि दोन पुरुषांचे बोलणे तिला ऐकू येते. आज रात्री सव्वाअकराला एका बाईचा खून करायचा आहे. त्या वेळी पुलावरून आगगाडी जाते, म्हणजे किंकाळी कोणाला ऐकू जायची नाही. इथे ना भूत, ना कोबी. फक्त टेलिफोनच्या चकतीची घरघर, घंटी, आणि त्या बाईचा हळूहळू फाटत जाणारा आवाज. आणि आगगाडी? ती अजून आलेली नसते. श्रोता तिचीच वाट पाहत बसतो. रुळाकाठच्या माणसाला जिची इतकी सवय असते, की ती गेलेली कळतही नाही, त्या आगगाडीचा आवाज एका वाक्याने यमदूत बनवला. याला म्हणतात आवाजाची जाण.

दुसरे उदाहरण दाराचे. ‘इनर सँक्टम मिस्टरीज’ हा हायमन ब्राउनचा कार्यक्रम १९४१ ते १९५२ चालला. त्याची सुरुवात दर वेळी एका दाराच्या करकरण्याने होई. जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजा रात्री कोणी उघडावा तसा तो आवाज. आणि तो काढीत कशातून, तर सांगतात की स्टुडिओतल्या एका गंजलेल्या फिरत्या खुर्चीतून! आणलेले दार वेळेवर करकरलेच नाही म्हणे. पुढे एकदा कोणा सज्जनाने खुर्चीची कुरकुर ऐकून तिला तेल घातले, आणि त्या दिवशी ध्वनिकाराला तोंडानेच दार वाजवावे लागले, अशीही कथा आहे.

इंग्लंडातही हा प्रकार रुजला. सप्टेंबर १९४३ मध्ये बी.बी.सी.ने ‘अपॉइंटमेंट विथ फिअर’ सुरू केले. जॉन डिक्सन कार हा रहस्यकथाकार लेखक आणि व्हॅलेंटाइन डायल हा नट ‘काळ्या पोशाखातला माणूस’ म्हणून निवेदक. ते महायुद्धाचे दिवस. बाँबहल्ल्याच्या धास्तीने रस्त्यांवर खरोखरचा अंधार केलेला असे. अशा वेळीही माणसे खोटी भीती आवडीने ऐकत होती. खऱ्या भीतीपुढे आपला इलाज नसतो. खोटी भीती अर्ध्या तासात संपते, आणि मन हलके होते. हे या नाटकांचे औषधी मूल्य म्हणा हवे तर.

आता जरा सावध व्हायची गोष्ट. हीच शक्ती मुखवटा घालून आली तर? ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्स आणि त्याच्या मंडळींनी एच. जी. वेल्स या लेखकाच्या कादंबरीवरून ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ हे नाटक सी.बी.एस. कंपनीच्या केंद्रांवरून सादर केले. मंगळावरून स्वारी येते ही गोष्ट. पण ती बातम्यांच्या थाटात सांगितली. नृत्यसंगीत चालू आहे, मध्येच निवेदक ते थांबवतो, घटनास्थळावरून वार्ताहर बोलू लागतो. या नाटकाच्या आवाजांची जबाबदारी सी.बी.एस.च्या ध्वनिविभागाच्या प्रमुख ओरा निकोल्स या बाईंकडे होती. मूकपटांच्या दिवसांत चित्रपटगृहात पतीबरोबर वाद्ये वाजवून त्यांनी हे कसब मिळवले होते. मंगळावरच्या यानाचे झाकण उघडते, तो आवाज एका बरणीचे झाकण फिरवून काढला. आणि पोकळ घुमारा यावा म्हणून तो शौचकूपात काढला, असे सांगतात. पण सर्वांत भयंकर जागा कोणती? वार्ताहर बोलता बोलता मध्येच तुटतो, आणि पुढचे काही सेकंद काहीच नाही. नुसती शांतता.

कार्यक्रम मध्येच लावणाऱ्यांपैकी काहींना ती खरी बातमी वाटली, ते घाबरले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी मात्र सारा देश रस्त्यावर आल्याचे चित्र रंगवले. पुढच्या अभ्यासकांनी दाखवले आहे, की तो गोंधळ छापून आला तेवढा मोठा नव्हता. म्हणजे पाहा, एका रात्रीत दोन फसवणुकी. काहींना कानांनी फसवले, आणि त्या फसण्याची फुगवलेली गोष्ट वाचून पुढे कित्येक वर्षे वाचक फसले!

हा धडा आज जुना झालेला नाही. आज यंत्राच्या साहाय्याने कोणत्याही माणसाचा हुबेहूब आवाज तयार करता येतो आणि तो मोबाइलवरून घरोघर पोचतो. करवंट्या गेल्या, पण करामत तीच: ओळखीचा आवाज, पटेल असा प्रसंग, आणि विचार करायला वेळ न देणे. ज्याला आवाज कसा ‘केला’ जातो हे ठाऊक आहे, तो दोन क्षण थांबेल. ज्याला ठाऊक नाही, तो धावत सुटेल. रात्री पत्र्यावर पडणारे दगड, माळ्यावरची खुडबूड, पडक्या विहिरीतले हुंदके यांनाही हाच न्याय लावून पाहावा. आवाज आधी, की आपले भूत आधी? पुष्कळदा असे दिसेल, की भूत मनात अगोदरच येऊन बसलेले होते. आवाजाने त्याला फक्त हाक मारली.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना एक सुचवतो. वरच्या वर्गांत एखाद्या शनिवारी हा खेळ करून पाहा. खर्च काहीच नाही. एक पडदा बांधा. पडद्यामागे चार मुलांना करवंट्या, पत्रा, वाळलेली पाने, बिजागरी गंजलेली एखादी पेटी, पाण्याची बादली एवढे साहित्य द्या. सुपात ज्वारीचे दाणे हळूहळू फिरवले, की पाऊस पडतो. पातळ कुरकुरीत कागद मुठीत चुरगाळला, की जाळ पेटतो. एकाने पाच-सहा वाक्यांची गोष्ट वाचावी, मध्ये थांबावे, आणि मग एकच आवाज यावा. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकावे आणि नंतर काय ‘पाहिले’ ते पाटीवर किंवा वहीत लिहावे. तीस मुलांनी तीस निरनिराळी दारे पाहिली असतील. कोणी घरचे, कोणी देवळाचे, कोणी आजोळचे. ते वाचून दाखवा. मग पडदा दूर करा आणि पेटी दाखवा. मुले हसतील. त्या हसण्यात दोन गोष्टी एकदम शिकून होतात: कल्पनाशक्ती किती मोठी आहे, आणि तिच्यावर लगाम कुठे हवा. मात्र अगदी लहान मुलांना यात घेऊ नका. त्यांना लगाम सापडायला अजून वेळ असतो.

त्या कारागिरांचे पुढे काय झाले? टेलिव्हिजन आला, श्रोते तिकडे वळले. ‘सस्पेन्स’ कार्यक्रम सप्टेंबर १९६२ मध्ये थांबला, आणि अमेरिकेतल्या रेडिओनाट्याचे ते युग संपले असे मानतात. जॅक फोली नावाच्या कारागिराने बोलपटांत हीच विद्या नेली; आजही चित्रपटांतली पावले, कपड्यांची सळसळ अशीच हाताने केली जाते आणि त्या कामाला त्याच्याच नावाने ओळखतात. रेडिओवरची पुष्कळ नाटके मात्र हवेत विरून गेली. विलिस कूपरच्या काळातली ‘लाइट्स आउट’ची बहुतेक नाटके आता ऐकायला मिळत नाहीत, ती कोणी नीट जपलीच नाहीत. जी मोठ्या तबकड्यांवर मुद्रित होऊन टिकली, ती मात्र आज इंटरनेटवरून घरबसल्या ऐकता येतात. इंग्रजी समजत असेल, तर ‘सॉरी, राँग नंबर’ जरूर ऐका.

ऐकताना एवढे करा. दिवा मालवा. हातातले काम बाजूला ठेवा. आवाज कशाचा हे लगेच ओळखू नका. पहिल्यांदा भिऊन घ्या. मग दुसऱ्यांदा ऐका आणि कारागिराचा हात कुठे दिसतो ते शोधा: कुठे तो थांबला, कोणता आवाज त्याने मुद्दाम टाळला, कोणता फक्त एकदाच दिला. आपल्या मराठीत रेडिओच्या नाटकाला ‘श्रुतिका’ असा सुंदर शब्द आहे. त्या शब्दातच ऐकणे आहे. आणि ऐकणे म्हणजे नुसते कान उघडे ठेवणे नव्हे. ज्याला नीट ऐकता येते, त्याला सहज घाबरवताही येत नाही आणि सहज फसवताही येत नाही.